पत्र्यावरचा दात

द्राक्षांचे रिकामे खोके एकवीस,
पिंपळगावहून माझ्या भावानं पाठवलेले.
त्यांत संसार मावेल असं वाटलं होतं.
मावला नाही.
मग उशांच्या खोळी, मग बादल्या,
मग कुकरच्या पोटात मोहरी-हळदीच्या पुड्या
आणि ओजसच्या गमबुटांत
मोज्यांत गुंडाळलेले चार काचेचे पेले.

प्रमोदची पहिली पाळी.
रजा मागितली तर साहेब म्हणाले,
घरच बदलताय ना, गाव तर नाही.
म्हणजे चारनंतर तो परस्पर तिकडेच.
तोवर मी, दोन मुलं
आणि हनीफभाईंचा छोटा हत्ती.

हत्ती म्हटल्यावर ओजसनं
सकाळपासून एक केळं जपून ठेवलेलं.
टेम्पो दारात लागला
तेव्हा तो गल्लीच्या टोकापर्यंत बघून आला,
मागे काही चालत येतंय का.
रडला नाही. केळं बॉनेटवर ठेवलं
आणि उभा राहिला.
हनीफभाईंनी ते सोललं, खाल्लं,
म्हणाले, हत्तीनंच सांगितलं, तू खा,
मला आत्ता डिझेल झालंय.

सातपूरची दोन खोल्यांची जागा
झाडून घेताना काहीच वाटलं नाही मला.
वाटायला हवं होतं बहुतेक.
फ्रीजच्या जागी फरशीवर
एक स्वच्छ चौकोन राहिला होता,
आठ वर्षं न चाललेला.

पपया नर्सरीच्या सिग्नलला
मुक्तानं चिक्की चावली
आणि हात पुढे केला.
तळहातावर दात.
आठवडाभर जिभेनं हलवत होती,
पडायचा मुहूर्त हा.
"आई, गाडी मागे घे."
"का गं?"
"पत्रा तिकडे राहिला."

पहिला दात तिनं तिथल्याच पत्र्यावर टाकलेला,
उंदराला नीट बजावून.
उंदरानं शब्द पाळला,
जरा वाकडा दिला, पण दिला.
मागून हॉर्न. सिग्नल सुटला.
मी म्हटलं, नव्या घरी टाकू.

पाथर्डी फाट्याला चौथा मजला.
खिडकीत पांडवलेण्यांचा डोंगर,
हप्त्यात तो धरलेला नाही, असं प्रमोद म्हणतो.
मुक्ता डोंगराकडे बघत नव्हती.
ती वर बघत होती.
"आपलं छप्पर कुठंय?"
आपलं छप्पर म्हणजे बाळा,
पाचव्या मजल्यावरच्या गायधनींची फरशी.
"त्यांचं?"
त्यांच्यावर गच्ची.
गच्चीला कुलूप, चावी चेअरमनकडे,
चेअरमन सोमवारपर्यंत शिर्डीला.

वीस वर्षांचं कर्ज काढलं,
वकिलाला दोनदा कागद दाखवले,
पाणी किती वाजता येतं ते विचारलं.
दात कुठे टाकायचा,
हे कुणालाच विचारलं नव्हतं.

प्रमोद आला तो ग्रीसच्याच हातांनी
खोके सरकवायला लागला.
मुक्ता मूठ मिटून बसलेली,
चहा नको, बिस्कीट नको.
शेवटी त्यानंच तिला खाली नेलं.
गेटपाशी वॉचमनची केबिन,
तिच्यावर पत्रा.

पुंजारामभाऊ सुरगाण्याचे.
त्यांनी टोपी नीट केली,
जणू सोसायटीचंच काही काम निघालंय.
"टाका की. पण जोरानं टाका, उतार आहे."
पहिल्यांदा घरंगळून खाली आला.
मग चौघांनी खडीत शोधला,
मोबाइलच्या उजेडात,
अख्ख्या खडीचेच दात झालेले.
ओजसला सापडला. तो द्यायला तयार नव्हता.

दुसऱ्यांदा
टण्णकन
तोच आवाज. अगदी सातपूरचा.
माझ्या हातात कोपऱ्यावरून आणलेली दुधाची पिशवी,
मी तशीच उभी.

"उंदराला इकडचा पत्ता कळेल?" मुक्तानं विचारलं.
पुंजारामभाऊ म्हणाले,
"रात्रभर मी जागाच असतो.
आला की वर पाठवतो,
रजिस्टरला सही घेऊन."

दूध उतू घातलं.
शेगडी पुसायला फडकं सापडेना,
प्रमोदच्या बनियननं पुसली.

पावणेदोनला जाग आली.
बटणासाठी हात डावीकडे गेला,
तिथे नुसती भिंत.
अंधारातच खिडकीशी गेले.
खाली केबिनचा बल्ब,
खुर्चीवर मफलर,
आणि पुंजारामभाऊ बाहेर उभे,
बॅटरीचा झोत
पत्र्यावरून एकदा सावकाश फिरवत.